सुरमई, पापलेट आणि लॉगिन स्क्रीन

नव्या सुनेला सासरी दोन कामं मनासारखी करता येतात: चहा करणं आणि ऐकणं. चहा संपतो. ऐकलेलं साठत जातं, कोकमाच्या आगळाच्या बरणीत तळाशी मीठ साठतं तसं, आणि एक दिवस चमचा घातला की खण्णकन लागतं. माझी बरणी नऊ महिन्यांत भरली. बहिणीला फोनवर एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्या आधीचा सांगितल्याशिवाय तो कळत नाही, आणि त्याच्या आधीचा सांगेपर्यंत तिकडे कुकरची शिट्टी होते. म्हणून एकदाचे सगळे इथेच ओळीने मांडते.

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. खाली काजू, कोकम, मालवणी मसाला आणि गुळाचा खाजा. वर पर्यटकांसाठी चार खोल्या. गल्ल्याशेजारी एक कंप्युटर. त्यावर बिलं होतात, खोल्यांचं बुकिंग होतं आणि घरातली सगळी भांडणंही होतात.

माणसं मोजकीच. अण्णा, म्हणजे सासरे, नाव रमाकांत. आई, म्हणजे सासू, रमा. दादा, म्हणजे मोठे दीर, संदेश. वहिनी, म्हणजे जाऊ, सानिका. आणि सुहास, म्हणजे माझा नवरा. मी पूर्वी वीणा होते. लग्नात सुहासने ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं आणि मी सुहासिनी झाले. साडीबरोबर ब्लाउजपीस मिळतो तसं. रमाकांतची रमा, सुहासची सुहासिनी. दादांच्या वेळी बहुधा काही सुचलं नसावं, म्हणून वहिनीचं निदान पहिलं अक्षर जुळवून घेतलं. सुहासला मी एकदा विचारलं, "तूच का लिहिलंस ते?" तो म्हणाला, "भटान सांगल्यान, मी लिवलंय." माणूस वाईट नाही. सांगितलेलं लिहितो.

गंमत म्हणजे ही नावं घरात कोणी वापरतच नाही. अण्णा वहिनीला 'मोठी' म्हणतात, मला 'धाकटी', आणि आईंना 'अगो'. चाळीसेक वर्षं 'अगो' म्हटल्यावर माणूस ओ देतंच.

मी मूळची खारेपाटणची. आमची बोली अर्धी रत्नागिरीकडे कललेली, त्यामुळे मी तोंड उघडलं की वहिनीला हसू येतं. म्हणून मी शक्यतो उघडत नाही.

* * *

लग्नाआधी मी खारेपाटणला कंप्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दुकानातला कंप्युटर इतका म्हातारा झाला होता की त्याचं बटण दाबून वहिनी बाजारातून मासळी घेऊन यायची, तरी तो चालू होतच असायचा. मी हळूच म्हटलं, "ह्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालूया. जुन्या मशिनवर चांगलं चालतं."

"केवढ्याक पडात?" अण्णांनी विचारलं.

"फुकट आहे."

तिथेच चुकलं. काहीतरी किंमत सांगायला हवी होती.

"फुकट कोण कोणाक देता?" अण्णा म्हणाले. "हेच्यात कायतरी आसतला."

त्या 'कायतरी'चा बंदोबस्त म्हणून अण्णांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. माझं लिनक्स घालून झालं, तेव्हा कंप्युटरसमोर नारळ ठेवला होता, अण्णा हात जोडून उभे होते आणि मागे दादा आणि सुहास.

"बा देवा म्हाराजा," अण्णा म्हणाले, "आज तुझ्या लेकरांच्या दुकानात ह्यो नवो कारभार इलो हा. तेका सांभाळून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा," दादा आणि सुहास.

"फुकट इलो म्हणान तेच्यात कायव वाकडा नाकडा आसात, तर ता उजू कर म्हाराजा."

"होय म्हाराजा."

नारळ फुटला. मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर अण्णांचं नाव आलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. हीच ती लॉगिन स्क्रीन. यादीतल्या आपल्या नावावर टिचकी मारायची, पासवर्ड द्यायचा, मग आत.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. एवढं गाऱ्हाणं घालून ही परतफेड.

"माझ्याच दुकानात," ते म्हणाले, "माकाच इचारता, तू कोण?"

* * *

यादीत मी चार नावं घातली होती: अण्णा, दादा, सानिका, सुहास. माझंही खातं होतं, पण ते मी लपवून ठेवलं होतं. एका फाइलीत एक ओळ लिहिली की नाव पडद्यावर दिसत नाही, खातं मात्र असतं. सिस्टिममधलं काहीही बदलायचा अधिकार त्याच खात्याला होता. त्याचं नाव वीणा. मला आत जायचं असलं की यादीच्या खालच्या 'इतर' या शब्दावर टिचकी मारून नाव टाइप करायचं. मी 'इतर'मधली होते. तशी सवयही होत आली होती.

दोन दिवसांनी अण्णांच्या लक्षात आलं. "धाकट्ये, तुझा नाव खंय हेच्यात?"

"घालते," मी म्हटलं.

"सुहासिनी घाल. नीट अक्षरात."

"उद्या घालते."

एवढा एकच शब्द मी ह्या घरात मनापासून वापरला: उद्या.

* * *

मी सुरुवातीला जो लॉगिनचा प्रोग्रॅम घातला होता, त्याची एक खोड होती. जो जास्त वेळा आत जातो, त्याचं नाव तो यादीत वर घ्यायचा. बिलं वहिनी करते. आठवड्याभरात वहिनीचं नाव सगळ्यांत वर, आणि अण्णा सगळ्यांत खाली.

अण्णांनी चष्मा पुसला, परत बघितलं, परत पुसला. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "कारभार बदललो वाटता दुकानाचो."

वहिनी म्हणाली, "माका काय्येक म्हायत नाय. मी फक्त बिलां करतंय."

मी समजावून सांगितलं की यंत्राला मानपान कळत नाही, ते फक्त मोजतं. ही माहिती अण्णांनी नको तितकी नीट ऐकली. दुसऱ्या दिवसापासून ते दुकान उघडल्याबरोबर कंप्युटरपुढे बसायला लागले. नावावर टिचकी, पासवर्ड, आत. मग लगेच बाहेर. पुन्हा टिचकी, पासवर्ड, आत. बाहेर. आत काही काम नाही. काजूवाला दारात उभा, तरी अण्णा आत-बाहेर.

चौथ्या दिवशी ते पहिले आले. त्या दिवशी गिऱ्हाइकांना खाजा चाखायला दिला गेला.

पण दादांनी ते बघितलं होतं. दुपारी अण्णा वामकुक्षीला गेले की दादा सुरू. संध्याकाळी दादा वर. सकाळी अण्णा वर. वहिनी बिलं करायला आली की मध्ये दोन मिनिटं कंप्युटर मिळायचा. एका गिऱ्हाइकाला बिल हवं होतं, त्याला ती म्हणाली, "जरा थांबा. आमचे मामंजी पयले येतत."

शेवटी मी तो प्रोग्रॅम काढला आणि दुसरा घातला. हा नावं बाराखडीप्रमाणे लावतो. 'अ' पहिला. अण्णा कायमचे वर.

"बघलंस?" अण्णा दादांना म्हणाले. "गाराणा फुकट जाणा नाय."

* * *

नव्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाच्या नावाशेजारी फोटो लावायची सोय होती. मी अण्णांचा आमच्या लग्नातला फोटो लावला. फेटा, उपरणं, छान हसरा चेहरा. सकाळी अण्णांनी कंप्युटर चालू केला आणि तिथल्या तिथे उभे राहिले.

"ह्या कोणी केला?"

"मी," मी म्हटलं.

"चौकटीत फोटो. खाली नाव." अण्णांचा आवाज बारीक झाला. "आता बाकी काय ऱ्हवला? 'भावपूर्ण' काय ता पण लिव आणि नाक्यार लाव."

खरं सांगायचं तर दिसत तसंच होतं. एसटी स्टँडजवळ लागतात त्या श्रद्धांजलीच्या बॅनरसारखं. फक्त तारखांच्या जागी पासवर्डची चौकट.

फोटो काढला. मग काय लावायचं? सुहास म्हणाला, "मासे लावया." सूचना चांगली होती, पण माशांमध्येही प्रतिष्ठा असते हे मला ठाऊक नव्हतं. खारेपाटणला आम्ही नदीचे मासे खाणारे. इथे मात्र सुरमई अण्णांना हे न बोलताच ठरलं. पापलेट दादांनी घेतलं. सुहासला सरंगा. वहिनीच्या वाट्याला बांगडा आला.

"बांगडो?" वहिनी म्हणाली. "आख्ख्या दुकानाचो हिशोब माझ्यार, आणि माका बांगडो?"

"बांगड्याशिवाय घर चालता काय?" दादा म्हणाले. त्यांना वाटलं, ही स्तुती आहे. दोन दिवस घरात बांगडा शिजला नाही.

आई पलीकडे बसून खाज्याच्या पुड्या भरत होत्या. आमच्याकडे खाजा आईच करतात, आणि पुड्याही दुसऱ्या कोणी भरलेल्या त्यांना चालत नाहीत. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आणि माका खयचो मासो?"

सगळे हसले. अण्णा म्हणाले, "अगो, तुका कित्याक व्हया कंप्युटर?"

आईसुद्धा हसल्या, आणि पुडीला दोरा गुंडाळला.

* * *

मागचं चित्र कोणतं असावं यावर वाद झाला नाही. अण्णांनी गावच्या देवाचा फोटो दिला आणि म्हणाले, "ह्यो लाव." लावला. आता लॉगिनची चौकट पडद्याच्या बरोबर मधोमध असते आणि देवाचं मुखही बरोबर मधोमध.

"देवाच्या तोंडार पासवर्ड?" अण्णा म्हणाले.

मी फाइल उघडून चौकट खाली सरकवली. आता ती पायांशी आली. अण्णा खूश झाले. पासवर्ड टाकायच्या आधी ते नमस्कार करायला लागले, मग दादाही. मग एक नवाच पेच पडला. वहिनीने मासे साफ करून आल्यावर कंप्युटरला हात लावावा की नाही? तिने विचारलं, आणि विचारलं म्हणून अण्णांना उत्तर द्यावं लागलं: नको.

मालवणात मासे कोणत्या दिवशी साफ होत नाहीत ते मोजायला एक हात पुरतो. बाकी सगळे दिवस बिलं हाताने.

मी देव काढला आणि साधा निळा रंग घातला. अण्णांनी विचारलं, देव कुठे गेले? मी म्हटलं, हा समुद्र आहे. त्यांना पटलं. हात जोडणं मात्र चालू राहिलं.

* * *

अण्णांचा पासवर्ड म्हणजे आकडे. ते आकडे गल्लीत सगळ्यांना पाठ होते, कारण टाइप करताना अण्णा एकेक मोठ्याने म्हणतात. एका सकाळी यंत्र म्हणालं, चूक. अण्णांनी पुन्हा टाकला. चूक. शेजारच्या दुकानदारांनी तिकडून आकडे सांगितले, तेही चूक.

अण्णा वहिनीकडे बघायला लागले.

"मी नाय बदललंय," वहिनी म्हणाली.

"मी काय म्हटलंय?"

"म्हटलास नाय, पण बघतास तसे."

दोन दिवस दोघांनी एकमेकांशी भाषण बंद ठेवलं. म्हणजे वहिनी आईंना सांगायची, "मामंजींका सांगा, च्या झालो," आणि अण्णा समोर बसून आईंना सांगायचे, "तिका सांग, साखर कमी." आई काहीच सांगायच्या नाहीत. निरोप आपोआप पोचत होते.

मी बघितलं तर गोष्ट एवढीशी होती. कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे एका बटणाने चालू-बंद होतात. कंप्युटर नव्याने सुरू झाला की लॉगिन स्क्रीनवर ते झोपलेले असायचे. एरवी रात्री फक्त पडदा बंद व्हायचा, पण दोन दिवसांपूर्वी लाइट जाऊन आली होती. अण्णा झोपलेल्या आकड्यांवर बोटं आपटत होते आणि ते मोजले जात नव्हते. मी फाइलीत एक ओळ घातली: लॉगिन स्क्रीन येतानाच आकडे जागे कर.

अण्णा आत गेले. समजूत काढायला त्यांनी वहिनीसाठी ताजे बांगडे आणले. तिला त्यात टोमणा दिसला. भाषण आणखी एक दिवस बंद.

* * *

यादीत शेवटी आपोआप एक नाव आलं होतं: 'पाहुणा'. हे त्या प्रोग्रॅमचंच. त्याला पासवर्ड लागत नाही, कोणीही आत जाऊ शकतं. बाहेर पडलं की आत जे काही केलं असेल ते सगळं पुसलं जातं. मी ते बंद करणार होते, पण उद्यावर टाकलं.

वरच्या खोलीत एक पुण्याचे गृहस्थ उतरले होते. ते खाली आले, पडद्यावर 'पाहुणा' वाचला आणि भारावून गेले. "काय ही आतिथ्यशीलता," ते अण्णांना म्हणाले. "पाहुण्यासाठी वेगळी जागा."

अण्णांनी ते श्रेय घेतलं. "आमच्याकडे पावण्याक पयलो मान."

गृहस्थ बसले. ऑफिसचा काहीतरी मोठा अहवाल होता. सकाळ गेली, आईंनी त्यांना तिथेच सोलकढी नेऊन दिली. लिहून झाल्यावर त्यांनी समाधानाने हात ताणले आणि सभ्यपणे बाहेर पडले. म्हणजे कंप्युटरमधून. मग प्रिंट काढायला परत आत गेले.

आत काहीच नव्हतं.

"माझा रिपोर्ट?" ते म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी आई म्हणाल्या, "पावणो गेलो काय आमी खोली झाडून घेतो."

आई वरच्या खोलीबद्दल बोलत नव्हत्या हे गृहस्थांना कळलं असावं, कारण ते बराच वेळ पायरीवर बसून होते. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. पण मनात आलं ते वेगळंच. दोन रात्रींसाठी आलेल्या माणसाचं नाव यादीत होतं.

* * *

अण्णांना 'उद्या' पुरत नव्हता. श्रावण लागला तसे ते रोज विचारायला लागले. "चतुर्थीक मुंबैसून सगळे चाकरमानी येतले. दुकान बघूक येतले. सगळ्यांची नावां आसत आणि नव्या सुनेचा नाय. काय म्हणतले? आमी सासुरवास करतो?"

"घालते."

"सुहासिनी."

"हो."

सुहासने रात्री जेवणानंतर मला हळूच सांगितलं, "घाल गो. नाव काय, नुसता दिसाचा."

"नुसतं दिसायचंच आहे ना," मी म्हटलं, "मग वीणा दिसू दे."

त्याने विचार केला. खरंच केला, त्याच्या कपाळावर दिसलं. मग म्हणाला, "आवशीक इचारूचा लागात." ह्या घरात बुचकळ्यात पडलेला पुरुष आवशीला, म्हणजे आईला, विचारतो आणि मग अण्णांनी सांगितलेलं करतो.

मी विचारणार नव्हते. ताटात तांदूळ पसरताना आईच होत्या. नाव खोलवर लिहिलं जावं म्हणून ताट हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं त्यांनी. त्यांना काय विचारायचं?

चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुपारी दुकानात आम्ही दोघीच होतो. पुरुष गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान आणायला गेलेले, वहिनी पार्लरला. आई पुड्या भरत होत्या. मी ठरवलं, नको ताणायला, घालून टाकू. सुहासिनी तर सुहासिनी. कंप्युटरपुढे बसले, 'इतर'वर टिचकी मारली आणि आत जायला नाव टाइप केलं: वीणा.

"ता कोणाचा नाव?"

मी दचकले. आई माझ्या मागे उभ्या होत्या. इंग्रजी अक्षरं त्या दुकानाच्या खोक्यांवरून वाचायला शिकल्यात, हे मला माहीत नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं.

"माझं," मी म्हटलं.

"मगे यादीत दिसना नाय ता?"

"लपवलंय."

"कित्याक?"

काय सांगणार? गप्प राहण्यात माझा हात कोणी धरू नये. पण आईंनी धरला. त्या माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त गप्प होत्या.

मग म्हणाल्या, "लपयलेला परत दिसता काय? का गेला ता गेला?"

"दिसतं. एक ओळ काढली की दिसतं."

"एकच?"

"एकच."

त्यांनी पदराला हात पुसले आणि स्टूल ओढून माझ्या बाजूला बसल्या. रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. "माका शेवंती म्हणत," त्या म्हणाल्या. "कुळारा."

कुळार म्हणजे माहेर. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"हेंच्या बापाशीन सांगल्यान, रमाकांताची रमा. माका वाटला, आठ दिवस म्हणतले आणि सोडतले." त्या पडद्याकडे बघत होत्या. "घालशीत?"

"घालते. मासा कुठला लावू?"

"मासो नको. मासे काय, सगळ्यांक आसत."

"आत जाऊन काय करणार तुम्ही?"

"काय्येक नाय. भायरच दिसला काय झाला."

मी त्यांचं खातं केलं. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, एका बोटाने, मला मान वळवायला लावून. मग मी ती फाइल उघडली.

"आता ती ओळ काढ," त्या म्हणाल्या, आणि मी काढेपर्यंत उठल्या नाहीत.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दुकान उघडलं. उदबत्ती लावली, कंप्युटर चालू केला, समुद्राला हात जोडले. डोळे उघडले. मग चष्मा पुसला.

"संदेश!"

दादा टॉवेल खांद्यावर घेऊन आले.

"गणपतीच्या तोंडार दोन नव्या पोरी ठेवलंस कामाक, आणि माका इचारूक नको?"

"मी? मी नाय ठेवलंय."

"मगे ह्यो कोण?" अण्णांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि मोठ्याने वाचलं. बाराखडीने यादी चोख लावली होती: सुरमई, पापलेट, मग दोन नावं ज्यांच्याशेजारी मासाच नव्हता, मग बांगडा, मग सरंगा, तळाशी पाहुणा. "वीणा. शेवंती. खयच्या ह्यो? कोणाच्या? मोठ्ये, तू ठेवलंस?"

वहिनी म्हणाली, "माका बांगडो दिलास, माणसां ठेवूचो अधिकार खंय दिलास?"

"सुहास?"

सुहासने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लग्नाची पत्रिका त्याला आठवली असावी. पण दुसरं नाव त्यालाही लागेना. त्याने आवशीकडे बघितलं.

आई पुडी भरत होत्या.

"वर आमच्या मानसांच्या आधी नावां," अण्णा म्हणाले. "आल्या आल्या सुहासच्या डोक्यार बसल्यो. आणि नव्या मानसांक पगार कोण देतलो?"

आईंनी पुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, दाताने तोडली.

"पगार दिवचो लागाचो नाय," त्या म्हणाल्या. "आणि नव्यो खयच्यो? जुन्योच आसत."